वर सरकत गेलेलं दार : दक्षिण कोरियाचं उच्च शिक्षण

डिसेंबर १९६४. सोलमधल्या माध्यमिक शाळांच्या प्रवेश परीक्षेत प्राथमिक शाळा संपवणाऱ्या मुलांना विज्ञानाचा एक प्रश्न आला. तांदळापासून ‘यॉत’ नावाची चिवट, गोड मिठाई करताना मोड आणलेल्या जवाऐवजी काय घालता येईल? अपेक्षित उत्तर होतं डायास्टेस, म्हणजे पिठातल्या स्टार्चची साखर करणारं एन्झाइम. पण पर्यायांमध्ये मुळ्याचा रसही होता. मुळ्याच्या रसात डायास्टेस असतं हे मुलांना शाळेत शिकवलेलं होतं, त्यामुळे बऱ्याच जणांनी तोच पर्याय निवडला आणि गुण गमावला. त्या एका गुणाने नामांकित शाळा हुकलेल्या मुलांच्या आया गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मुळ्याचा रस काढून खरोखर यॉत शिजवली आणि ती घेऊन त्या शिक्षण खात्याच्या कचेरीवर धडकल्या. प्रकरण न्यायालयात गेलं. १९६५ मध्ये निकाल आयांच्या बाजूने लागला आणि ३८ मुलांना त्यांच्या हक्काच्या शाळेत प्रवेश द्यावा लागला.

बारा वर्षांच्या मुलांच्या एका गुणासाठी एवढा अटीतटीचा लढा का द्यावा लागला? कारण वाट ठरलेली होती. ग्यंगगी या नामांकित माध्यमिक शाळेत शिरकाव झाला की ग्यंगगी हायस्कूल, तिथून सोल नॅशनल युनिव्हर्सिटी आणि तिथून सरकारी कचेरी, न्यायालय किंवा बँक. पहिल्याच दारात अडकलेल्या मुलाला पुढची दारं उघडणं फार अवघड होतं. सरकारला मुलांवरचा हा ताण दिसत होता. १९६९ पासून सोलपासून सुरुवात करून माध्यमिक शाळांच्या प्रवेश परीक्षा बंद करण्यात आल्या. मग सगळी चुरस हायस्कूलच्या प्रवेशावर आली. १९७४ मध्ये सोल आणि बुसानमध्ये हायस्कूलच्या परीक्षाही रद्द झाल्या, आणि मुलांना राहत्या भागानुसार सोडतीने शाळा मिळू लागली. आता चुरस विद्यापीठाच्या प्रवेशावर येऊन थांबली. आजही ती तिथेच आहे.

कोरियाचं उच्च शिक्षण समजून घ्यायचं तर ही हालचाल आधी लक्षात घ्यावी लागते. अरुंद दार दोनदा काढून टाकलं गेलं आणि दोन्ही वेळा ते फक्त वर सरकलं. त्याच्या पलीकडे जे मिळत होतं त्याची विभागणी बदलली नव्हती. पुढे विद्यापीठांच्या जागा अफाट वाढल्या तेव्हाही हेच घडलं. आज प्रवेशाचं वय झालेल्या मुलांची संख्या वेगाने घटते आहे, तरीही तेच घडतं आहे.

एवढी विद्यापीठं आली कुठून?

परीक्षेतून माणूस निवडण्याची कोरियाची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. गोऱ्यो राजवटीत राजा ग्वांगजोंगने ९५८ मध्ये राज्यसेवेची परीक्षा सुरू केली आणि ती १८९४ पर्यंत चालली. जोसन राजवटीचं सर्वोच्च विद्यालय, संग्युनग्वान, १३९८ मध्ये उभं राहिलं. त्याचं नाव आणि वारसा सांगणारं विद्यापीठ आजही सोलमध्ये आहे. आधुनिक शिक्षण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशनऱ्यांबरोबर आलं. १८८५ मध्ये निघालेल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या रुग्णालयापासून योनसे विद्यापीठ आपला इतिहास मोजतं. १८८६ मध्ये मेरी स्क्रँटन यांनी मुलींसाठी सुरू केलेल्या शाळेतून एव्हा महिला विद्यापीठ घडलं. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या बोसंग महाविद्यालयाचं पुढे कोरिया युनिव्हर्सिटी झालं.

जपानी राजवटीत या वाढीला लगाम बसला. १९२४ मध्ये सोलमध्ये साम्राज्य विद्यापीठ निघालं, पण तिथे बहुसंख्य विद्यार्थी जपानी होते. कोरियन माणसांना आपलं विद्यापीठ काढायला परवानगी नव्हती. १९४५ मध्ये जपानी गेले तेव्हा देशात उच्च शिक्षणाच्या अवघ्या १९ संस्था होत्या आणि त्यांत आठ हजारांहून कमी विद्यार्थी शिकत होते. शिक्षणाची कित्येक पिढ्यांची दडपलेली भूक आता उघडपणे बाहेर पडली. १९४६ मध्ये सोल नॅशनल युनिव्हर्सिटी स्थापन झाली. पाठोपाठ प्रांतोप्रांती राष्ट्रीय विद्यापीठं निघू लागली.

पण सरकारकडे पैसा नव्हता आणि तेवढ्यात कोरियन युद्धही झालं. मग बाकीच्या संस्था कुणी काढल्या? उत्तराचा एक मोठा भाग जमिनीच्या कायद्यात आहे. १९५० च्या आसपास जमीन सुधारणा राबवली गेली आणि मोठ्या जमीनदारांच्या शेतजमिनी कुळांना वाटल्या जाऊ लागल्या. शैक्षणिक संस्थांच्या जमिनींना मात्र सवलती होत्या. अनेक जमीनदारांनी जमिनी शिक्षण संस्थांच्या नावे केल्या आणि शाळा-महाविद्यालयं काढली. त्यात काहींची खरी कळकळ होती आणि काहींचा मालमत्ता वाचवण्याचा हिशेब. कोरियातल्या दहांपैकी आठांहून अधिक उच्च शिक्षण संस्था आज खासगी आहेत, त्याची मुळं तिथे आहेत.

पण खासगी म्हणजे मोकाट नव्हे. संस्था खासगी विश्वस्तांची असली तरी विद्यार्थी किती घ्यायचे, फी किती वाढवायची आणि प्रवेशाची चौकट काय असावी यांवर शिक्षण मंत्रालयाचा हात असतो. सोल आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात जागा मनाला येईल तशा वाढवता येत नाहीत. तिथली गर्दी आवरण्यासाठी १९८० च्या दशकापासून वेगळा कायदाच आहे. म्हणजे कोरियाने शिक्षणाचा खर्च घरांवर टाकला आणि नियंत्रण स्वतःकडे ठेवलं.

जागांचं दार दोनदा सताड उघडलं. ३० जुलै १९८० रोजी लष्करी राजवटीने एका झटक्यात विद्यापीठांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षा रद्द केल्या, खासगी शिकवण्यांवर बंदी घातली आणि ठरल्यापेक्षा जास्त विद्यार्थी घेऊन पदवीपर्यंत काहींना गाळण्याची योजना आणली. गाळण्याची योजना काही वर्षांतच बारगळली, वाढलेल्या जागा मात्र राहिल्या. शिकवणी बंदीही हळूहळू सैल होत गेली आणि २००० मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. दुसरी लाट ३१ मे १९९५ च्या शैक्षणिक सुधारणांनी आणली. किमान अटी पूर्ण केल्या की विद्यापीठ काढता येईल, असं धोरण आलं आणि पुढच्या काही वर्षांत डझनावारी नवी विद्यापीठं उभी राहिली. हायस्कूल संपवून पुढे शिकायला जाणाऱ्यांचं प्रमाण १९९० मध्ये साधारण एक-तृतीयांश होतं. २००८ मध्ये ते ८० टक्क्यांच्या पुढे गेलं. आज २५ ते ३४ वयोगटातल्या दहांपैकी सात कोरियन तरुणांकडे उच्च शिक्षणाची पदवी किंवा पदविका आहे. विकसित देशांच्या ओईसीडी गटात यापेक्षा वरचं प्रमाण कुणाचंच नाही.

या डोलाऱ्यात चार वर्षांची सुमारे १९० विद्यापीठं आहेत. दोन-तीन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण देणारी सुमारे १३० महाविद्यालयं आहेत. तिथे परिचर्या, वाहन दुरुस्ती, सौंदर्यप्रसाधन, पाककला, दंत आरोग्य असे थेट रोजगाराशी जोडलेले अभ्यासक्रम चालतात. प्राथमिक शिक्षक घडवणारी राष्ट्रीय शिक्षण विद्यापीठं वेगळी आहेत. नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी १९७२ पासून मुक्त विद्यापीठ आहे आणि २००१ पासून पूर्णपणे ऑनलाइन चालणारी सायबर विद्यापीठं आहेत. विज्ञान-तंत्रज्ञानासाठी १९७१ मध्ये सरकारने काइस्टची स्थापना केली, ते आता देजनमध्ये आहे. १९८६ मध्ये पॉस्को या पोलाद कंपनीने पोहांगमध्ये पोस्टेक उभं केलं. रायगड जिल्ह्यातल्या विळे-भागाड इथला पोलाद कारखाना याच पॉस्कोचा.

नोव्हेंबरचा गुरुवार

या सगळ्यात शिरण्याची मुख्य परीक्षा म्हणजे ‘सुनुंग’. १९९३ मध्ये ती पहिल्यांदा झाली. दरवर्षी नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी सुमारे पाच लाख मुलं ती देतात. त्या दिवशी शेअर बाजार आणि बऱ्याच कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात, म्हणजे मुलांना रस्ते मोकळे मिळतात. उशीर झालेल्या मुलांना पोलीस आपल्या गाडीतून केंद्रावर सोडतात. दुपारी इंग्रजीच्या श्रवण चाचणीच्या वेळी देशभर विमानांचं उतरणं आणि उडणं थांबवलं जातं. प्रश्न काढणाऱ्या तज्ज्ञांना महिनाभराहून जास्त काळ जगापासून तोडून एका ठिकाणी ठेवलेलं असतं आणि परीक्षा संपेपर्यंत त्यांना बाहेर पडता येत नाही. २०१७ मध्ये परीक्षेच्या आदल्या दिवशी पोहांगला भूकंप झाला, तेव्हा सरकारने सगळ्या देशाची परीक्षा एक आठवडा पुढे ढकलली.

परीक्षा सकाळी ८.४० ला सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत चालते. कोरियन भाषेला ८० मिनिटं, गणिताला १००, इंग्रजीला ७०. त्यानंतर कोरियाचा इतिहास सक्तीचा, मग समाजशास्त्र किंवा विज्ञान गटातले निवडलेले विषय, आणि हवी असल्यास आणखी एक परकी भाषा. निकालात मुख्य विषयांच्या गुणांइतकीच इतरांच्या तुलनेतली जागा महत्त्वाची असते. वरचे ४ टक्के पहिल्या श्रेणीत, पुढचे ७ टक्के दुसऱ्या, अशा नऊ श्रेणी पाडल्या जातात. इंग्रजी आणि इतिहासाला मात्र आता ठरावीक गुणांवर श्रेणी मिळते.

क्रमवारीच्या या पद्धतीचा एक अटळ परिणाम आहे. मुलं जितकी जास्त तयारी करून येतात, तितके त्यांना वेगळं करण्यासाठी प्रश्न अवघड करावे लागतात. वरच्या एक-दोन टक्क्यांना चाळण्यासाठी काही प्रश्न असे काढले जाऊ लागले की शाळेतल्या अभ्यासावर ते सुटणं जवळपास अशक्य. कोरियात त्यांना ‘किलर प्रश्न’ म्हणतात. २०२३ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष युन सक-योल यांनी असे प्रश्न काढून टाकण्याचा आदेश दिला. परीक्षा जेमतेम पाच महिन्यांवर आली होती आणि सगळा देश त्या चर्चेत बुडाला. प्रश्नांचं स्वरूप काही प्रमाणात बदललं, पण वरच्या मुलांना एकमेकांपासून वेगळं करण्याची गरज होती तशीच राहिली.

दोन वाटा आणि विश्वासाचा प्रश्न

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की सगळं काही या एका दिवसावर ठरतं. प्रत्यक्षात देशातल्या बहुतेक जागा, साधारण पाचांपैकी चार, ‘सुसी’ म्हणजे आगाऊ प्रवेशातून भरल्या जातात. त्यासाठी विद्यार्थी सप्टेंबरमध्ये जास्तीत जास्त सहा अर्ज करतो. काही ठिकाणी हायस्कूलच्या तीन वर्षांचे गुण पाहतात. काही ठिकाणी शिक्षकांनी नोंदवलेला सगळा आलेख तपासतात : वर्गातला सहभाग, प्रकल्प, मंडळातलं काम. काही विद्यापीठं निबंधवजा लेखी परीक्षा घेतात, तर कला-क्रीडेसाठी प्रात्यक्षिक असतं. अनेक ठिकाणी याच्या जोडीला सुनुंगमध्ये किमान श्रेणीची अटही असते.

दुसरी वाट ‘जंगसी’, म्हणजे नियमित प्रवेश. तो प्रामुख्याने सुनुंगच्या निकालावर होतो. विद्यापीठांचे तीन गट पाडलेले असतात आणि विद्यार्थ्याला प्रत्येक गटात एकच अर्ज करता येतो. योनसे आणि कोरिया युनिव्हर्सिटीचे बहुतेक विभाग एकाच गटात आहेत. त्यामुळे या वाटेने जाणाऱ्याला सहसा दोन्हींसाठी नशीब आजमावता येत नाही. आणखी एक कडक नियम आहे : सुसीमधून कुठेही निवड झाली की जंगसीची वाट बंद. नंतर सुनुंगमध्ये कितीही उत्तम निकाल लागला तरी उपयोग नाही. म्हणून सप्टेंबरमध्ये कुठे अर्ज करायचा हा निर्णयच एक परीक्षा होऊन बसतो आणि त्यावर सल्ला देण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे.

सुसीमागचा विचार चांगला होता. एका दिवसाच्या परीक्षेपेक्षा तीन वर्षांची वाटचाल मुलाबद्दल जास्त सांगते, आणि गावातल्या साध्या शाळेतल्या हुशार मुलीलाही संधी मिळते. पण शाळेतली श्रेणीही क्रमवारीवर ठरते, त्यामुळे शेजारच्या बाकावरची मैत्रीण प्रतिस्पर्धी होते. शिवाय प्रकल्प आणि अनुभव गोळा करायला घरचा पैसा आणि आईवडिलांच्या ओळखी कामी येतात. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पाक ग्युन-हे यांच्या निकटवर्ती चोई सून-सिल यांच्या मुलीला एव्हा विद्यापीठात मिळालेल्या प्रवेशाचं प्रकरण उघड झालं. राष्ट्राध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं त्या आंदोलनात तरुणांच्या रागाचं हेही एक मोठं कारण होतं. २०१९ मध्ये न्यायमंत्री चो कुक यांच्या मुलीच्या प्रवेशासाठी जोडलेल्या कागदपत्रांवरून पुन्हा वादळ उठलं. त्यानंतर सरकारने सोलमधल्या १६ प्रमुख विद्यापीठांना जंगसीचा वाटा किमान ४० टक्क्यांपर्यंत न्यायला सांगितलं. स्वतः लिहायचं परिचयपत्रही प्रवेशातून गेलं.

या लंबकाची गती कोरियाच्या प्रत्येक सरकारने अनुभवली आहे. परीक्षेवर भर दिला की क्लासची चलती होते. शालेय नोंदींवर भर दिला की ओळखीपाळखीचा संशय येतो. आता २०२७ च्या नोव्हेंबरपासून सुनुंगमध्ये सगळ्यांना समान विषय असतील, आणि हायस्कूलच्या नऊ श्रेणींच्या पाच श्रेणी २०२५ पासून करण्यात आल्या आहेत. बदल विचारपूर्वक केलेले आहेत. पण प्रवेशाची पद्धत कितीही बदलली तरी ठरावीक जागांवर जाऊ इच्छिणाऱ्यांची रांग तेवढीच राहते. त्या जागांमध्ये असं काय आहे?

उतरंड

कोरियातल्या कुठल्याही हायस्कूलच्या विद्यार्थ्याला विद्यापीठांची क्रमवारी तोंडपाठ असते. सगळ्यांत वर सोल नॅशनल, कोरिया आणि योनसे. इंग्रजी आद्याक्षरांवरून या तिघांना ‘स्काय’ म्हणतात. त्यानंतर संग्युनग्वान, सोगांग, हानयांग यांसारखी सोलमधली विद्यापीठं, मग राजधानीतली उरलेली, आणि सगळ्यांत शेवटी ‘जिबांग’ म्हणजे बाहेरच्या प्रांतांतली. १९७०-८० च्या दशकांत अशी स्थिती नव्हती. बुसान आणि ग्यंगबुक या राष्ट्रीय विद्यापीठांना सोलमधल्या बऱ्याच खासगी विद्यापीठांपेक्षा अधिक मान होता. आपल्या प्रांतातला हुशार मुलगा आपल्याच विद्यापीठात शिकायचा आणि तिथेच अधिकारी किंवा अभियंता व्हायचा. पुढे कंपन्यांची मुख्य कार्यालयं, माध्यमं आणि चांगल्या पगाराच्या नोकऱ्या राजधानीत एकवटल्या. आज देशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या त्या एका भागात राहते. नोकऱ्यांच्या पाठोपाठ विद्यापीठांची पतही तिकडे गेली.

विद्यापीठाच्या नावाची किंमत खरी ठरते ती नोकरीच्या बाजारात. सॅमसंग, ह्युंदाई, एसके, एलजी यांसारखे मोठे उद्योगसमूह, सरकारी कंपन्या आणि काही मोजके व्यवसाय यांच्यात पगार चांगला आणि नोकरी पक्की. लहान-मध्यम कंपन्यांत बहुसंख्य लोक काम करतात, पण तिथला पगार बराच कमी असतो आणि एकदा तिथे सुरुवात केली की वर जाणं अवघड होतं. म्हणून पहिली नोकरी चुकू नये आणि त्यासाठी विद्यापीठ चुकू नये, अशी साखळी तयार होते. आईवडिलांची धास्ती वेडेपणाची नाही, ती या बाजाराचं अचूक वाचन आहे.

त्याची किंमत घरांना मोजावी लागते. २०२४ मध्ये शालेय मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कुटुंबांनी सुमारे २९ लाख कोटी वोन खर्च केले आणि दहांपैकी आठ मुलं कुठल्या ना कुठल्या क्लासला जात होती. सोलच्या देची-दोंग भागात इमारतीच्या इमारती क्लासेसनी भरलेल्या आहेत. रात्री दहानंतर शिकवायला शहरात मनाई आहे, म्हणून दहाच्या ठोक्याला तिथले रस्ते मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांनी तुंबतात. सुनुंग देणाऱ्यांत अलीकडे जवळपास दर तिसरा विद्यार्थी रिपीटर, म्हणजे परीक्षा पुन्हा देणारा असतो. काही जण एखाद्या विद्यापीठात नाव घालूनही पहिल्या सत्रानंतर सुट्टी घेतात आणि पुन्हा परीक्षेला बसतात.

गेल्या काही वर्षांत या उतरंडीच्याही वर वैद्यकीय शिक्षण गेलं आहे. सोल नॅशनलच्या अभियांत्रिकीची जागा सोडून एखाद्या प्रांतातल्या वैद्यकीय महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी आता नवलाचे राहिलेले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने वैद्यकीय जागा ३,०५८ वरून ५,०५८ करण्याची घोषणा केली, तेव्हा हजारो निवासी डॉक्टरांनी राजीनामे दिले आणि वैद्यकीय विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. २०२५ साठी सुमारे दीड हजार जागा वाढल्या आणि २०२६ साठी आकडा पुन्हा ३,०५८ वर आला.

आत गेल्यावर

शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. मार्च ते जून आणि सप्टेंबर ते डिसेंबर अशी दोन सत्रं असतात. पदवीसाठी साधारण १२० ते १४० श्रेयांक लागतात. दुसऱ्या विषयात जोड पदवी घेण्याची मुभा बहुतेक ठिकाणी आहे. बऱ्याच वर्गांत इथेही वरची श्रेणी ठरावीक टक्के विद्यार्थ्यांनाच द्यायची, असा नियम असतो.

विद्यार्थ्याची ओळख त्याच्या प्रवेशाच्या वर्षाने होते. २०२३ मध्ये आलेला तो ‘२३ हाक्बन’. एक वर्ष पुढचा म्हणजे ‘सनबे’. त्याने पहिल्यांदा भेटल्यावर जेवू घालायचं, नोट्स द्यायच्या आणि पुढे नोकरीच्या वाटा दाखवायच्या. त्या बदल्यात धाकट्याने, म्हणजे ‘हुबे’ने, मान राखायचा. वसंतातली सहल, मे महिन्यातला महोत्सव आणि मंडळांच्या खोल्या यांतून आयुष्यभराची नाती जुळतात. मुलगे साधारण पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर दीडएक वर्षाच्या सक्तीच्या लष्करी सेवेला जातात. परत येतात तेव्हा बरोबरच्या मुली पदवीच्या जवळ पोचलेल्या असतात.

या आवारांनी देशाला लोकशाही मिळवून दिली हेही विसरता येत नाही. एप्रिल १९६० मध्ये विद्यार्थ्यांच्या उठावाने राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांची सत्ता उलथली. जानेवारी १९८७ मध्ये सोल नॅशनलचा विद्यार्थी पाक जोंग-चोल पोलिसांच्या छळात मरण पावला. जूनमध्ये योनसेच्या फाटकापाशी तिथल्याच ली हान-योल या विद्यार्थ्याच्या डोक्याला अश्रुधुराचं नळकांडं लागलं आणि जुलैत त्याचा मृत्यू झाला. त्या उन्हाळ्यात रस्त्यावर उतरलेल्या जनतेने राष्ट्राध्यक्षांची थेट निवडणूक मिळवली.

आजचा विद्यार्थी वेगळ्या लढाईत आहे. इंग्रजीच्या चाचणीचे गुण, प्रमाणपत्रं, इंटर्नशिप, परदेशातलं एक सत्र या सगळ्याला मिळून ‘स्पेक’ म्हणतात आणि तो वाढवत राहणं हे चार वर्षांचं काम होतं. नोकरी मिळेपर्यंत पदवी लांबवणारेही बरेच असतात. २०१७ पासून सरकारी संस्थांच्या भरतीत अर्जावर विद्यापीठाचं नाव लिहायचं नाही असा नियम आला. उतरंडीच्या मुळालाच हात घालणाऱ्या मोजक्या उपायांपैकी हा एक आहे.

फीचा भार हा आणखी एक मोठा विषय. २०११ मध्ये ‘अर्धी फी’ मागत विद्यार्थी मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. २०१२ पासून कुटुंबाच्या उत्पन्नानुसार राष्ट्रीय शिष्यवृत्ती सुरू झाली. २००९ पासून बहुतेक विद्यापीठांची फी जवळपास गोठलेली होती, २०२५ मध्ये मात्र अनेकांनी ती वाढवली. २०२४ मध्ये खासगी विद्यापीठाची वार्षिक फी सरासरी सुमारे ७६ लाख वोन होती, राष्ट्रीय विद्यापीठांची सुमारे ४२ लाख. फी गोठल्याने घरांना दिलासा मिळाला, पण फीवरच चालणाऱ्या छोट्या खासगी संस्थांचा श्वास कोंडला.

रिकामे होत जाणारे वर्ग

१९७१ मध्ये कोरियात दहा लाखांहून जास्त बाळं जन्मली होती. २०२३ मध्ये जेमतेम २ लाख ३० हजार. एका स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या त्या वर्षी ०.७२ इतकी खाली आली होती. या घटीची पहिली झळ विद्यापीठांना २०२१ मध्ये ठळकपणे लागली. त्या वर्षी सुमारे ४० हजार जागा रिकाम्या राहिल्या, बहुतेक राजधानीबाहेर. विद्यापीठं चेरी फुलण्याच्या क्रमाने बंद पडतील, असं कोरियात म्हटलं जातं. चेरीचा बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो, आणि सोलपासून जितकं दूर तितका धोका आधी.

२००० पासून वीसेक संस्था बंद झाल्या आहेत. नामवन शहरातलं सनाम विद्यापीठ २०१८ मध्ये बंद झालं. तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यापीठांत सामावून घ्यावं लागलं. विद्यापीठ गेलं की शहरातल्या खाणावळी, भाड्याच्या खोल्या, छापखाने आणि बसमार्गही अडचणीत येतात. तरुण राहायला कारण उरत नाही.

आता वयाच्या हिशेबाने पाहिलं तर देशात जागा भरपूर आहेत. कुठे तरी प्रवेश मिळणं अवघड राहिलेलं नाही. तरीही २०२४ पर्यंत क्लासवरचा खर्च वाढतच गेला आणि रिपीटरही कमी झाले नाहीत. पन्नासेक वर्षांपूर्वी दार वर सरकलं तेव्हा जे घडलं, त्याचाच हा नवा पुरावा. स्पर्धा जागांच्या टंचाईतून येत नाही, ती जागांच्या किमतीतल्या फरकातून येते.

दहा सोल नॅशनल

कोरियातल्या धोरणकर्त्यांनाही हे उमगू लागलं आहे. २०२३ मध्ये सरकारने ‘ग्लोकल ३०’ योजना जाहीर केली. राजधानीबाहेरच्या तीस विद्यापीठांना स्वतःत मोठे बदल करण्यासाठी पाच वर्षांत प्रत्येकी सुमारे १०० अब्ज वोन द्यायचे. २०२५ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष ली जे-म्योंग यांनी ‘दहा सोल नॅशनल घडवू’ असं वचन दिलं. प्रांतांतल्या प्रमुख राष्ट्रीय विद्यापीठांवर प्रत्येक विद्यार्थ्यामागे होणारा खर्च सोल नॅशनलच्या निम्म्याहूनही कमी आहे. ती दरी आधी भरून काढायची, असा त्यामागचा विचार.

परदेशी विद्यार्थीही आता या व्यवस्थेचा मोठा आधार आहेत. २०२४ मध्ये त्यांची संख्या दोन लाखांवर गेली आणि २०२७ पर्यंत तीन लाखांचं लक्ष्य आहे. भारतीय विद्यार्थ्यांसाठी ‘ग्लोबल कोरिया स्कॉलरशिप’ ही सरकारी शिष्यवृत्ती खुली आहे. तिच्यात विमान भाडं, फी, निर्वाह भत्ता आणि पदवीआधी एक वर्ष कोरियन भाषेचं शिक्षण मिळतं. महाराष्ट्रातल्या ज्या मुलामुलींना तिकडे जायचं असेल त्यांनी दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. एक म्हणजे भाषा. ‘टोपिक’ या कोरियन भाषा परीक्षेच्या सहा पातळ्या असतात, आणि पदवी वर्गात इंग्रजीवर सगळं निभावेल असं धरून चालू नये. दुसरी म्हणजे प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक. संशोधनासाठी जाणाऱ्याने विद्यापीठाच्या क्रमांकाइतकंच प्राध्यापकाचं काम बारकाईने पाहावं. सोलबाहेरच्या काइस्ट, पोस्टेक आणि प्रांतांतल्या राष्ट्रीय विद्यापीठांतही उत्तम काम चालतं.

दहा सोल नॅशनलची कल्पना यशस्वी होईल का, हे केवळ विद्यापीठांना दिलेल्या पैशावर ठरणार नाही. ग्वांगजूसारख्या सोलबाहेरच्या शहरात शिकलेल्या अभियंत्याला तिथेच चांगली नोकरी मिळाली, छोट्या कंपनीत लागलेल्या मुलीला दहा वर्षांनी मोठ्या कंपनीतल्या मैत्रिणीच्या जवळपास पगार मिळाला आणि भरतीच्या वेळी नावापेक्षा काम पाहिलं गेलं, तर आईवडील आपोआप सैलावतील. तोपर्यंत परीक्षेचं स्वरूप कितीही बदला, जागा कितीही वाढवा, लोक जिथे सुरक्षित आयुष्य दिसतं त्याच दाराशी रांग लावणार. कोरियाने एका पिढीत जवळजवळ सगळ्यांना शिकवून दाखवलं, आणि जगात फार थोड्या देशांना ते जमलं आहे. शिकलेल्या प्रत्येकाला त्या शिक्षणाचं मोल मिळवून देणं हे त्याचं उरलेलं काम आहे, आणि ते वर्गाबाहेर करायचं आहे.